कोर्लीचे सैनिक

जुन्या गोव्याहून फोंड्याकडे निघालं की थोड्याच वेळात कोर्लीची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या एका कारखान्यात बरीच वर्षं अमेरिकी सैनिक तयार होत होते. उंची पावणेचार इंच. मान, खांदे, कोपर, कंबर, मांड्या, गुडघे सगळं हलणारं, आणि पाठीत एक स्क्रू. पुठ्ठ्यावरच्या पारदर्शक फुग्यात बसून ते देशभरच्या दुकानांत जात. त्या दुकानांच्या माळ्यांवरून, जुन्या बाजारांतून आणि लोकांच्या घरांतून ते परत गोळा करायचा मला नाद आहे.

नाद कळला की लोक दोनच प्रश्न विचारतात. मुलासाठी घेता का, आणि विकले तर किती येतील. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर मी बायकोसमोर देत नाही.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. ‘ॲक्शन फिगर’ हा प्रकार रूढ केला हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीनं. 1964 साली तिनं ‘जी. आय. जो’ नावाचा बारा इंची सैनिक काढला. होती ती बाहुलीच. पण बाहुली म्हटलं तर मुलगे हात लावणार नाहीत, म्हणून हे नवं नाव. पुढं 1978 मध्ये केनर कंपनीची ‘स्टार वॉर्स’ची छोटी माणसं आली आणि त्यांनी बाजार खाल्ला. तेव्हा 1982 मध्ये जो त्याच छोट्या मापात परत आला, आणि या वेळी अख्खं पथक घेऊन आला. समोर शत्रू म्हणून ‘कोब्रा’ नावाची संघटना होती. अमेरिकेत हे पथक 1994 पर्यंत चाललं.

आपल्याकडे 1987 साली टायरवाल्या एमआरएफनं हॅस्ब्रोशी भागीदारी करून फनस्कूल काढली. कोर्लीचा तो कारखाना तिचाच. अमेरिकेत एखाद्या पात्राची विक्री आटोपली की त्याचे पोलादी साचे परदेशी भागीदारांकडे जात. ब्राझीलमध्ये एस्ट्रेला, अर्जेंटिनात प्लास्टिरामा, आपल्याकडे फनस्कूल. साचा मूळचाच, पण प्लॅस्टिक, रंग आणि पुठ्ठा ज्या त्या देशाचा. त्यामुळे अमेरिकेत ज्याचा गणवेश रानात लपण्यासारखा हिरवा-तपकिरी, तोच इसम आपल्याकडे कधी कधी अशा रंगात यायचा की तो लपणार कुठं, असा प्रश्न पडावा. अमेरिकेतलं उत्पादन बंद पडल्यावरही आपल्याकडे ते कितीतरी वर्षं, पार 2000 नंतरही, चालू राहिलं. तिकडची पोरं मोठी होऊन नोकरीला लागली तरी त्यांच्या लहानपणचे सैनिक इथं नवे कोरे दुकानात येत होते. 2000 च्या आसपास तिकडच्या संग्राहकांना याचा पत्ता लागला आणि इथून पार्सलं जायला लागली.

मी सावंतवाडीचा. आमच्या गावात खेळणी म्हणजे चितार आळी. पांगाऱ्याच्या लाकडाची, लाखेच्या रंगात चमकणारी फळं, भातुकली, पाट. बाहेरून आलेले पाहुणे तिथून पिशव्या भरून नेत आणि आम्हा पोरांना त्याचं काही म्हणजे काही वाटत नसे. लाकडी आंबा किती वेळ बघत बसणार? आम्हाला हवा होता तो म्हापशाच्या मावशीकडून येणारा, पाठीला स्क्रू असलेला माणूस. सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी करत गेलं की दोन-अडीच तासांत कोर्ली; म्हणजे आमच्या स्वप्नातली अमेरिका एवढ्या अंतरावर बनत होती. हे मात्र मला फार उशिरा, पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं.

लहानपणी पुठ्ठ्याच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त वाचली जायची. तिथं त्या पात्राचं ‘फाईल कार्ड’ असे: खरं नाव, जन्मगाव, हुद्दा, कशात तरबेज, स्वभाव कसा. ही कार्डं मुळात लॅरी हामा या लेखकानं हॅस्ब्रोसाठी लिहिली. मार्व्हलच्या जी. आय. जो कॉमिक्सचा लेखकही तोच. खेळण्याच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर असून त्यात माणसं होती. ‘फ्लिंट’ विचिटा, कॅन्ससचा. ‘बीच हेड’ ऑबर्न, अलाबामाचा. मी शाळेचा ॲटलास घेऊन ही गावं शोधत बसायचो. विचिटा सापडलं, ऑबर्न नाही. जी. आय. जोचं कार्टून तेव्हा आमच्यातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. कोण चांगला, कोण वाईट, कोण कुणाचा भाऊ हे सगळं पुठ्ठ्यावरून. ज्याला इंग्रजी जरा बरं येई तो मोठ्यानं वाचून दाखवी आणि जिथं अडेल तिथं स्वतःचं घाली. आमचा कोब्रा कमांडर त्यामुळे अधूनमधून मालवणीत शिव्या देत असे.

शोधाला सुरुवात झाली ती पुण्याच्या जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात पाने, मिक्सरची भांडी, फुटके कॅमेरे, नळाच्या तोट्या असं सगळं पसरलेलं असतं, आणि खेळणी असतात ती एखाद्या गोणपाटाच्या कोपऱ्यात, गाड्यांची चाकं आणि बाहुल्यांच्या डोक्यांबरोबर. विक्रेत्याच्या लेखी त्यांची किंमत वजनावर. पण तुम्ही एकच वस्तू उचलून उलटीसुलटी करून पाठीचा स्क्रू बघायला लागलात, की त्याच्या ध्यानात येतं. “इंपोर्टेड आहे साहेब.” मी मान डोलावतो. गोव्याचा माल आहे हे त्याला सांगून भाव उतरला असता का, कोण जाणे. पण अमेरिकेतल्या संग्राहकाला तो हवा असतो तो नेमका गोव्याचा आहे म्हणून, तेव्हा गप्प राहणं बरं. मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटवर मात्र ही गंमत चालत नाही. तिथल्या दुकानदारांना सगळं ठाऊक असतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे ते तुम्हाला भावातून सांगतात.

सुटा सैनिक, आमच्या भाषेत ‘लूज’, सापडणं तसं अवघड नाही. अवघड असतं ते त्याचं सामान. प्रत्येकाबरोबर बंदूक, पाठीवरची पिशवी, कुणाला शिरस्त्राण, कुणाला सुरा. नखाएवढ्या या वस्तू घरात आल्या त्याच आठवड्यात कपाटाखाली किंवा केरसुणीबरोबर गेल्या. त्यामुळे आज एखाद्याची बंदूक त्याच्याहून महाग असते, आणि बंदूक हातात कोंबताना अंगठा मोडलेला असेल तर माणसाची किंमत आणखी उतरते. म्हणून मी घ्यायच्या आधी दोन ठिकाणी बघतो: अंगठे, आणि मांड्यांमधला तुकडा. तिथं चीर असली तर आज ना उद्या पाय सुटणार.

घरी आणल्यावर स्क्रू काढून माणूस उघडायचा. आत काय निघेल सांगता येत नाही. सगळ्यात जास्त निघते ती माती. आमच्या पिढीतल्या पोरांनी हे सैनिक दिवाळीच्या किल्ल्यावर उभे केले. शिवाजी महाराज आणि मातीचे मावळे बाजारातून आणलेले, पण पहाऱ्याला बुरुजावर फ्लिंट. किल्ल्यावर अळीव आणि मोहरी पेरलेली, वरून रोजचं पाणी. ते सगळं यांच्या गुडघ्यांत गेलं. कोकणातल्या सैनिकाच्या सांध्यांतून लाल चिखल निघतो, देशावरच्याच्या काळसर. एकाच्या कमरेत मला मोहरीचं वाळलेलं टरफलसुद्धा मिळालंय. परदेशातले संग्राहक ‘खेळलेला’ म्हणून अशा मालाला नाक मुरडतात. मी मऊ ब्रशनं साबणाच्या पाण्यात धुतो, स्क्रू आधी काढून ठेवतो, नाहीतर तो गंजतो आणि पाठ तांबूस होते. रंग मात्र परत देत नाही. पुसलेली भुवई पुन्हा काढली की तो कोर्लीचा राहत नाही, माझा होतो.

आता रबराबद्दल. या खेळण्याची सगळी गंमत पोटात आहे. छातीचे पुढचे-मागचे दोन भाग स्क्रूनं जोडलेले, आत एक गोल रबरी कडी. तिचं वरचं टोक छातीतल्या खुंटीला आणि खालचं टोक कमरेच्या तुकड्यातून पायांच्या आकड्याला. तिच्या ताणावर माणूस उभा राहतो, वळतो, वाकतो. वीस-तीस वर्षांत ही कडी कडक होते आणि एक दिवस तुटते. माणूस कमरेत दोन होतो. कित्येक घरांत केवळ एवढ्यासाठी हे सैनिक ‘मोडले’ म्हणून टाकून दिले गेले.

जुन्या गोव्याजवळ राहणाऱ्या एका बाईंची मावशीच्या ओळखीनं गाठ पडली. त्यांनी लग्नाआधी काही काळ खेळण्यांच्या कारखान्यात काम केलं होतं. मी विचारायच्या प्रश्नांची यादीच घेऊन गेलो होतो आणि आधी ओळख पटावी म्हणून बीच हेड त्यांच्या हातात दिला. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. डाव्या हातात छाती, उजव्यात पाय, खाली जरासा ताणला, सोडला. “रबर गेलंय ह्याचं,” म्हणाल्या. मग स्क्रूवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. रंग कोण ठरवायचं, पुठ्ठे कुठं छापायचे, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. त्यांच्या टेबलापर्यंत छाती आणि पाय येत आणि तिथून माणूस पुढं जाई. चहा घेतल्यावर त्यांनी मला विचारलं, की तू काम काय करतोस? बँकेत आहे म्हटल्यावर त्यांना जरा हायसं वाटलेलं दिसलं.

रबर मिळतं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. ऑइल सील, गॅस्केट, पंपाचे सुटे भाग यांची तिथं दुकानंच दुकानं. मी एका काउंटरवर तुटकी कडी ठेवली. दुकानदार म्हणाला, “कुठल्या पंपाची?” मागं चार प्लंबर आणि एक मेकॅनिक उभे असताना खेळण्याची आहे असं सांगायला धैर्य लागतं. मी सांगितलं. त्यानं तोंडावरची रेषही न हलवता व्हर्नियर लावून माप घेतलं आणि विचारलं, नायट्रिल देऊ की सिलिकॉन. मग त्यानंच सल्ला दिला: खेळण्यालाच ना, मग साधं नायट्रिल घ्या, आणि शेकड्याच्या खाली देत नाही. तेव्हापासून माझ्याकडे इतक्या कड्या आहेत की ओळखीतल्या सगळ्यांचे सैनिक मीच उभे करून देतो. एखाद्याचा पंचवीस वर्षं दोन तुकड्यांत पडलेला माणूस काही मिनिटांत नीट होतो, आणि तो मनुष्य, म्हणजे मालक, मला डॉक्टर म्हणायला लागतो.

पण खरी मौज आहे पुठ्ठ्यावरच्या, न उघडलेल्या मालात. आणि हा माल शहरात मिळत नाही. शहरातली दुकानं बदलली, मोबाईलची झाली, जागा विकल्या गेल्या. मिळतो तो तालुक्याच्या गावी, जिथं वह्या-पुस्तकं, क्रिकेटच्या बॅटी, राख्या, फटाके आणि खेळणी एकाच दुकानात मिळतात आणि जागा स्वतःच्या मालकीची असते. तिथं न खपलेला माल परत जात नाही, माळ्यावर जातो. कुडाळ, मालवण, कणकवली, खाली बेळगावपर्यंत मी अशी दुकानं पालथी घातली आहेत. तिथं ‘जी. आय. जो आहे का’ असं विचारायचं नसतं. नाही म्हणून मोकळे होतात. आधी काहीतरी विकत घ्यायचं, पेन म्हणा, वही म्हणा. मग बोलता बोलता सांगायचं की लहानपणी पुठ्ठ्यावर सैनिक यायचे, तसलं जुनं काही पडलेलं असेल तर बघायचं होतं. यावर ठरलेला प्रश्न येतो: “झिलाक व्हयी काय?” इथं खरं सांगावं. मलाच हवं आहे असं म्हटलं की म्हातारा दुकानदार चष्म्यावरून नीट बघतो, आणि त्या बघण्यावर पुढचं ठरतं.

माळ्यावर उंदीर असतात, कसर असते, आणि कोकणात असते ओल. पुठ्ठा फुगतो, कडांना बुरशी येते, फुगा पिवळा पडतो. तरी एखादं खोकं असं निघतं की वरच्या राख्यांच्या थरानं खालचा सगळा माल जपलेला असतो. असं खोकं उघडल्यावर मी सैनिकाचं तोंड बघत नाही, पुठ्ठा उलटा करतो. कंपनीचा पत्ता काय आहे? चेन्नईच्या अण्णा सलाईवरच्या कचेरीचा पत्ता ‘मद्रास’ म्हणून छापला असेल तर पुठ्ठा 1996 च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी, कारण त्या साली शहराचं नाव बदललं. किंमत कशी छापली आहे? ‘स्थानिक कर वेगळे’ असं असेल तर आणखी मागं जायचं. ‘सर्व करांसहित’ हे 1990 च्या सुमाराला नियम बदलल्यावर आलं. बारकोड आहे का? किमतीवर दुसरं लेबल चिकटवलंय का, आणि त्याखाली काय आहे? फनस्कूलच्या सैनिकांची साल-निहाय पक्की यादी तुम्हाला दुकानात विकत मिळणार नाही. जी काही आहे ती अशाच पुठ्ठ्यांवरून, माणसांनी एकमेकांना फोटो पाठवून, भांडून, दुरुस्त करून जमवलेली. एकाच पात्राचे दोन रंग सापडले की आधी शंका घ्यायची, तिसरा सापडला की नोंद करायची. माझ्या मते या नादात शिकण्यासारखं काही असेल तर ते इथं आहे. कपाटात रांगा लावणं ही त्याची सजावट.

शंका घ्यावीच लागते, कारण भाव चढल्यावर लबाडी आली. नव्यानं बनवलेल्या बंदुका जुन्या म्हणून खपवतात. रिकामा पुठ्ठा, सुटा सैनिक आणि नवा फुगा चिकटवून ‘सीलबंद’ म्हणून विकतात. असा एक नमुना मलाही एका विक्रेत्याकडून आला होता. मूळ फुगा गरम दाबानं बसवलेला असतो, तो निघाला तर पुठ्ठ्याचा वरचा थर घेऊन निघतो. या नमुन्याच्या कडेनं डिंकाची चकाकी दिसत होती. परत पाठवला, पैसे यायला वेळ लागला, पण आले.

फुगा फोडावा की फोडू नये यावर आमच्यात दोन तट आहेत. न फोडणारे त्याला गुन्हा मानतात. माझं म्हणणं असं, की पुठ्ठा धडधाकट असेल तर तो कागदपत्र आहे, हात लावू नये. पण ओलीनं कुजलेल्या पुठ्ठ्यात तीस वर्षं बसलेल्याला आणखी किती बसवणार? तसले मी उघडतो. आतलं रबर पहिल्यांदा ताणलं जातं, बरेचदा त्याच क्षणी तुटतं, आणि नागदेवीचा शेकडा कामी येतो.

एडिसन, न्यू जर्सीला माझा एक वर्गमित्र असतो. त्याला हवे असतात मद्रासचा पत्ता असलेले पुठ्ठे, कारण तिकडच्या संग्राहकांच्या जत्रांमध्ये त्यांना मान आहे. मला हवी असतात ती अमेरिकी फाईल कार्डं, शेजारी ठेवून छपाई ताडून बघायला. त्याची आई वर्षाआड तिकडे जाते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि दोन सुती साड्यांच्या मध्ये कोर्लीचे तीन-चार सैनिक असतात. काकूंना एकदा तिकडच्या विमानतळावर बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्यानं भाजणीची पिशवी हुंगून पाहिली, सैनिक हातात घेतला, कंबर वळवून बघितली आणि हसून आपल्या सहकाऱ्याला दाखवला. काकूंचं म्हणणं, त्याच्यामुळे भाजणी सुटली.

अलीकडे गणित बदललं आहे ते दुकानदारांच्या नातवांमुळे. कुडाळजवळच्या एका दुकानात आजोबा मला छापील किमतीलाच माल द्यायचे. वर काही ठेवलं तर ‘जास्त कित्याक?’ म्हणून परत करायचे. आता गल्ल्यावर नातू बसतो. मध्यंतरी माळा आवरताना त्याला एक अख्खं खोकं मिळालं, वरून दोऱ्यानं बांधलेलं, बहुतेक पुठ्ठे कोरे. त्यानं मला फोटो पाठवले आणि खाली डॉलरमधली किंमत. ती मूळ अमेरिकी, 1980 च्या दशकातल्या मालाची होती. मी त्याला फरक समजावला, त्याला तो पटला, आणि मग त्यानं गोव्याच्या मालाची किंमत शोधून काढली, जी त्यातल्या दोन पुठ्ठ्यांपुरती आणखी जास्त निघाली. आजोबा मागून म्हणत होते, “दी रे तेका, जुनो गिऱ्हाईक तो.” शेवटी त्यानं सांगितलं, गणपतीला गावाला येताच ना, तेव्हा बघूया. तोवर खोकं माळ्यावर आहे, आणि इकडं जूनचा पहिला आठवडा चालू आहे. मी त्याला सिलिका जेलच्या पुड्या कुरियरनं पाठवल्या आहेत, फुकट.